गळाचे टोक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मासे पकडण्याच्या गळावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझे आजोळ कारवारचे. मामांची लहान यांत्रिक होडी बैतखोल बंदरात असते आणि सुट्टीच्या दिवशी हुबळी-बंगळूरकडची हौशी मंडळी ती भाड्याने घेऊन देवगड बेटावरच्या दीपगृहापलीकडे सुरमई धरायला जातात. होडीतली गळांची पेटी गेली तीन वर्षे माझ्या ताब्यात आहे. त्या पेटीने मला जे शिकवले ते येथे मांडतो. (आपण ज्याला गळ म्हणतो त्याला कारवारकडे गरी म्हणतात आणि कन्नडमध्ये गाळ! मराठीत गाळ म्हणजे चिखल, त्यामुळे कन्नड विभागातल्या मित्रांनी हसू नये.)

आधी हिशेब पाहू. होडी बंदर सोडते तेव्हा डिझेल, बर्फ, आमिष आणि खलाशाची मजुरी हा सारा खर्च होऊन चुकलेला असतो. दिवसभरात मोठा मासा गळाला तोंड लावतो तो एकदा, फार तर दोनदा. त्या क्षणी टोक माशाच्या जबड्यात शिरले तर खर्च भरून निघाला, नाही तर सगळा तोटा. आणि हे ठरवणारे टोक बाभळीच्या काट्याएवढेही नसते. मामा तर होडीत पाय ठेवण्यापूर्वीच म्हणतात, "आधीं टोक पळय." टोक बघ, बाकीचे नंतर.

धारेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टोकाची जाडी दुप्पट झाली की त्याचे क्षेत्रफळ चौपट होते, म्हणजे तेवढ्याच ओढीला दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात खोल समुद्रात तंगूस लांब सोडलेला असतो. नायलॉन ताणतो, आणि हाताने दिलेल्या हिसक्याचा बराच भाग त्या ताणातच जिरतो. शिवाय मोठ्या माशाचा गळ जाड तारेचा असतो आणि टोकामागचा उलटा काटा आत जाईपर्यंत तो पक्का बसत नाही. नदीतल्या बारीक गळाला जे चालते ते समुद्रातल्या गळाला चालत नाही, ते एवढ्याचसाठी.

दुकानातून आणलेला गळ धारदारच असतो ही समजूत सोडून द्यावी. साध्या जाड गळांची टोके पुष्कळदा बोथट येतात, कधी वरच्या मुलाम्यानेच ती भरलेली असतात. परीक्षा सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावे. ते नखात अडकले, बारीक ओरखडा उठला, तर गळ तयार आहे. नुसते घसरले तर कानस काढावी. ही परीक्षा घरी एकदा घेऊन भागत नाही. गळ खडकाला लागला, मासा सुटला किंवा मासा काढताना टोक हाडाला घासले, की पुन्हा नख पुढे करायचे.

कानस चपटी आणि बारीक दाताची हवी. गळाचे वळण पक्कडीत घट्ट धरावे, म्हणजे टोक मोकळे राहते आणि बोटेही वाचतात. कानस एकाच दिशेने चालवावी, परतताना उचलून घ्यावी. करवतीसारखी मागेपुढे केली तर तिचेच दात जातात. टोकाच्या दोन्ही बाजू थोड्या चपट्या करायच्या, मग बाहेरचा तिसरा पैलू, म्हणजे गोल टोकाला तीन कडा येतात व त्या कापत आत जातात. मोजके हात पुरेत. शेवटी राहिलेली बारीक कोर सुताराच्या तेलाच्या दगडावर एकदोनदा फिरवून काढावी.

हौशी लोक येथेच घोटाळा करतात. टोक सुईसारखे लांब व निमुळते केले की नखावर ते छान अडकते, पण जबड्याच्या हाडावर टेकताच दुमडते. धार हवी, पण तिच्यामागे धातूही हवा. दुसरे, विजेच्या सहाणेवर गळ धरू नये. टोक तापून निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. मग ते कितीही घासा, धार टिकत नाही. अलीकडे रसायनात बुडवून धार दिलेले गळ मिळतात. त्यांना कानस लावण्यात अर्थ नाही. हाताने तसे टोक साधत नाही, तेव्हा बोथट झाला की बदलावा.

सर्कल हुक नावाच्या गळाचे टोक दांड्याकडे आत वळलेले असते व तो माशाच्या पोटात न अडकता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत अटलांटिकमधल्या मार्लिनसारख्या माशांच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषाबरोबर असेच सरळ गळ वापरण्याचा नियम 2008 पासून आहे. याला धार देताना टोकाचे आतले वळण बिघडवू नये, सगळी करामत त्या वळणातच आहे.

धार देण्याची दुसरी बाजू म्हणजे गंज. कानशीने मुलामा निघतो, पोलाद उघडे पडते आणि खारे पाणी वाटच पाहत असते. म्हणून घासलेल्या टोकाला लगेच तेलाचे बोट लावावे. बंदरात परतल्यावर सारे गळ गोड्या पाण्यात धुवून, फडक्याने पुसून, वाऱ्यावर सुकवावेत. ओला गळ पेटीत परत टाकणे म्हणजे शेजारच्या दहा गळांना गंज लावणे. स्टेनलेसचे व साधे गळ एकाच खणात ओले ठेवू नयेत, कारण खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना भिडले की साधा लवकर खातो. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण चांगल्या पोलादाइतकी धार तो धरून ठेवत नाही, आणि तुटून माशात राहिला तर तसाच राहतो. मी तरी साधे पोलाद पसंत करतो. कष्ट जास्त, पण टोक खात्रीचे.

किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गळांना खरा धोका याच दिवसांत. होडी उभी, हवा दमट, आणि पेटीकडे कोणी फिरकत नाही. जूनच्या आरंभी मी प्रत्येक गळ तपासून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो.

आमच्या जमाखर्चात घसारा नावाचे एक खाते असते. गळाइतका शब्दशः घसारा मी दुसऱ्या कोणत्याही मालमत्तेत पाहिलेला नाही, कारण प्रत्येक धारेबरोबर गळ थोडा आखूड होतो. टोक उलट्या काट्याच्या जवळ आले, किंवा वळणावर गंजाचे खड्डे दिसू लागले, की त्याचे आयुष्य संपले. खड्ड्याच्या जागीच मोठ्या माशाच्या ओढीने तो मोडतो. असा गळ वाळूत टाकू नये, बंदरावर पोरे अनवाणी हिंडतात. पक्कडीने टोक तोडून तो वेगळ्या डब्यात टाकावा. मामांच्या पडवीत तुपाचा एक जुना डबा त्यासाठीच ठेवलेला आहे. तो भरला की भंगारवाला वजनावर नेतो, आणि ती मोडीची किंमत मी वहीत जमेला धरतो.