झाकण उघडू नकोस हं

अगं, आरेच्या जंगलात कोळी बघायला जायचंय ना, जा की. आईला मी सांभाळते. वाकोल्याच्या घरात पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी बाई ती, तिला कोळ्यांचे फोटो दाखवून परवानगी मागतेस होय?

पण एक ऐक. तो झाकणवाला कोळी, इडिऑप्स, सापडला तर त्याचं बीळ काडीने उचकटायचं नाही. तुझ्याबरोबरची पोरं व्हिडिओसाठी हमखास तेच करतील.

उभ्या मातीच्या बांधावर, शेवाळ असेल तिथे बघ. झाकण माती नि रेशमाचं, वर आजूबाजूचंच शेवाळ, एका कडेला रेशमाची बिजागरी. बंद असलं की नाकासमोर असून दिसत नाही. टॉर्च तिरका धर, गोल चीर दिसली की थांब. अंधारात मादी झाकण जरासं उचलून पुढचे पाय काठाशी ठेवून बसते. किडा जवळून गेला की झडप. आपण झाकण ओढलं तर ती आतून दात नि पाय रोवून धरून ठेवते. या ओढाताणीत बिजागरी तुटते आणि बीळ सताड उघडं पडतं.

आणि ती सहजासहजी घर बदलत नाही गं. एकदा खणलेलं बीळच वाढत्या अंगाबरोबर रुंद करत जाते. खणायला जबड्यांवर काट्यांची दंताळी असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 पासून अशाच एका मादीवर नजर ठेवली होती. प्रजाती वेगळी, पण कूळ इडिऑप्सचंच. नाव काय, तर ‘नंबर 16’! 2016 मध्ये तिच्या झाकणाला गांधीलमाशीने पाडलेलं भोक दिसलं आणि बीळ रिकामं. वय 43 वर्षं, तेही एकाच बिळात! आपण भाड्याच्या किती खोल्या बदलल्या, मोज.

आपल्याकडची एक जात तर मुंबईच्याच नावाची आहे, इडिऑप्स बॉम्बेयेन्सिस; 2005 मध्ये हे नाव मिळालं. पण आरेत दिसेल ते प्रत्येक झाकण तिचंच, असं ठोकून देऊ नकोस. जात ओळखायला तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शक लागतो.

आता भुयारी मेट्रोने तू झटकन पोचशील. त्याच मेट्रोच्या कारशेडसाठी 2019 च्या ऑक्टोबरात तिथली दोन हजारांवर झाडं तोडली. झाडं निदान मोजली तरी गेली. झाडाखालच्या मातीतली बिळं कोण मोजतं?

पावसाळ्यात मोठे झालेले नर मादी शोधत बाहेर भटकतात, त्यामुळे वाटेवर एखादा भेटेलही. हातात घेऊ नकोस, दात मोठे असतात, चावला तर चांगलंच दुखेल. वाटेतून हलवायचाच असेल तर वर डबा पालथा घाल, खालून पुठ्ठा सरकव आणि कडेच्या मातीत सोड. फक्त डबा घरून नेऊ नकोस. आईला कळलं तर ती त्यात परत पीठ भरायची नाही.