प्रौढांचें इंग्रजी वाचन

वाचतां येणें व वाचलेलें समजणें या दोन भिन्न गोष्टी होत. कित्येक प्रौढ विद्यार्थी इंग्रजी उतारा अस्खलित म्हणून दाखवितात. परंतु अर्थ विचारतांच स्तब्ध होतात.

ढाक्का येथें शिक्षणकार्य करणारे मायकेल वेस्ट यांनीं या प्रश्नाचा सखोल विचार केला. क्रमिक पुस्तकांत नवे शब्द थोडे व पुनःपुन्हा यावेत, असा त्यांचा आग्रह असे. नित्योपयोगी सुमारें २००० इंग्रजी शब्दांची त्यांची सूचि १९५३ सालीं प्रसिद्ध झाली.

मात्र शब्द ठाऊक असले म्हणजे अर्थ उमगतोच असें नाहीं. ‘फॉर्मवर सही केल्याखेरीज बँक पैसे देणार नाहीं’ या अर्थाचें इंग्रजी वाक्य घ्या. त्यांतील ‘अनलेस’ या लहानशा शब्दाचा अर्थ ‘जर’ असा घेतला, कीं सही करणाराचेच पैसे बुडतात असा विपरीत ग्रह होतो!

यास्तव प्रथम एक प्रश्न मराठींत सांगावा. त्याचें उत्तर शोधीत उतारा मनांत वाचावयास लावावा. प्रत्येक शब्दास अडून कोश उघडूं नये. मागील-पुढील संदर्भावरून तर्क करावा. शेवटीं आशय स्वभाषेंत सांगावयास लावावा. उतारा विद्यार्थ्याच्या धंद्यांतील असल्यास त्याचा अनुभवच त्यास साह्य करितो.

बालमित्रांनो, घरीं वडील मंडळींस शिकवितांना त्यांच्या चुकीस हंसूं नका. ज्या कागदावर त्यांस सही करावयाची, तो त्यांस समजणें हेंच या अभ्यासाचें खरें फळ होय.