समुद्राचे ऊन पाणी व आमचा पाऊस

दुष्काळाची गोष्ट निघाली म्हणजे खेड्यापाड्यांतून दोन प्रकारची बोलणी आमच्या कानी येतात. कोणी म्हणतात, अमक्यांनी गावचे देव सोडले म्हणून पाऊस गेला. आणि आमच्यातीलही कित्येक म्हणतात, हा शेजाऱ्यांच्या मूर्तिपूजेचा दंड होय. ईयोबाच्या मित्रांनीही असाच उतावळा निवाडा केला होता. आमच्या उपदेशक बंधूंनी असे बोलण्यापूर्वी समुद्राची पुढील हकीकत ध्यानात घ्यावी.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यास समुद्राचे पाणी एरवी थंड असते. वारे वरचे ऊन पाणी पश्चिमेकडे लोटतात व त्याच्या जागी खालचे थंड, कसदार पाणी वर येते. त्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात. त्यांवर अँचोवेटा नावाची लहान मासळी, आणि मासळीवर असंख्य समुद्रपक्षी जगतात. नाताळाच्या सुमारास मात्र तेथे काहीसे ऊन पाणी येते. तेथील कोळ्यांनी बाळ ख्रिस्तावरून त्यास 'एल निन्यो' म्हणजे 'बाळ' असे नाव दिले. नाव गोड खरे. परंतु ज्या वर्षी हे ऊन पाणी महिनोगणती हटत नाही, त्या वर्षी कसदार पाणी वर येत नाही, मासळी नाहीशी होते व पक्षी उपाशी मरतात. १९७० साली पेरूत सुमारे १ कोटी २० लक्ष टन अँचोवेटा धरली गेली. १९७३ साली २० लक्ष टनही मिळाली नाही. (अतोनात मासेमारीचाही ह्यात दोष होता, हे सांगितले पाहिजे.)

इकडे पश्चिमेस लोटलेले ऊन पाणी इंडोनेशियाच्या बाजूस साचते. तेथे पाऊस फार. पावसाचे गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते झाकणासारखे वर राहते व खालच्या थंड पाण्यास मिसळू देत नाही. मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते आणि साध्यात बुडते, हे आमच्या भगिनींस ठाऊकच आहे, कारण तेच. ह्या ऊन पाण्यावरून हवा वर चढते व ढग बनतात. एल निन्योच्या वर्षी वारे मंदावतात, ऊन पाणी पूर्वेस सरते, ढगही त्याच्यामागे जातात. मग आपल्या देशावर हवा खाली दबते व मोसमी पाऊस पुष्कळदा उणा पडतो. १९७२ साली असेच झाले. पेरूचे कोळी रिकामी जाळी ओढीत होते, त्याच साली महाराष्ट्रात आमच्या मंडळ्यांतील वडीलधारे दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. पेरूच्या कोळ्यांनी आमच्या गावचे देव सोडले नव्हते!

गिल्बर्ट वॉकर साहेब १९०४ पासून १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य होते. पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो, हे त्यांनी आमच्याच पावसाचा शोध करिताना दाखविले.

एल निन्यो येणार एवढे ऐकूनच ज्यांनी बैल विकण्याचा विचार चालविला असेल, त्यांस कळवितो की १९९७ साली तो फार प्रबळ होता, तथापि त्या वर्षी आपल्या देशात एकंदर पाऊस सरासरीइतका झाला.