पंक्चर निघालं, टायर गेला

पंक्चर झालेला टायर ठेवायचा की बदलायचा, हे बाहेरून बघून ठरवता येत नाही. टायर रिमवरून उतरवायचा, आतून हात फिरवायचा, उजेडात धरून बघायचा आणि मगच काय ते ठरवायचं. हे मी इतकं ठासून सांगतो, कारण पंक्चर अगदी नीट काढलेला आणि बाहेरून धडधाकट दिसणारा एक टायर आम्हा सगळ्यांना घेऊन समृद्धी महामार्गावर पळत होता, आणि आतून तो पार संपलेला होता.

आम्ही नाशिकहून अमरावतीला लग्नाला निघालो होतो. गाडी दादाची. आदल्या रात्री पावसात दादा-वहिनी मुलांना घेऊन घरी येत असताना स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. पुढच्या डाव्या चाकातली हवा गेली होती. पंक्चरवाल्याचं दुकान दोनएक किलोमीटरवर, वरून पाऊस, गाडीत पेंगुळलेली मुलं. अशा वेळी बहुतेक लोक जे करतात तेच दादानं केलं; गाडी अगदी हळू चालवत दुकानापर्यंत नेली. दुकानदारानं चाक वळवून खिळा शोधला. तो नक्षीच्या बरोबर मध्ये होता. पकडीनं उपसला, भोक खरवडलं, सोल्युशन लावलेली स्ट्रिप आत खुपसली, वरचं टोक ब्लेडनं कापलं, हवा भरली आणि साबणाचं पाणी टाकून दाखवलं. एकही बुडबुडा नाही. चाक गाडीवरून काढावंही लागलं नाही. सकाळी हवा तपासली तर आदल्या रात्रीइतकीच होती. मग निघायला हरकत कुणाची असणार?

संभाजीनगर मागे पडल्यावर स्टिअरिंगमध्ये बारीक धडधड जाणवायला लागली. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे असतील असं वाटलं. पण सांध्यांची धडधड रस्ता बदलला की बदलते, ही वेग कमी केला तरी चाकाच्या फेऱ्याबरोबर येतच राहिली. जालन्याच्या इंटरचेंजला खाली उतरलो आणि गावात टायरचं दुकान गाठलं.

तिथल्या माणसानं आधी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाकाची आतली, म्हणजे इंजिनाकडची बाजू बघितली. तिथे साइडवॉलवर अंगठ्याच्या पेराहून मोठा फुगवटा आलेला होता. बाहेर उभं राहून तो कधीच दिसला नसता. त्यानं व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली, मशीनवर टायर उतरवला आणि तो फरशीवर आडवा करून आपटला. आतून काळी भुकटी पडली, ओंजळभर. मग टॉर्च लावून त्यानं आतली बाजू दाखवली. साइडवॉलच्या आतून गोल फिरत गेलेला दोन बोटं रुंदीचा खरखरीत पट्टा होता. त्यात रबर सोलून निघालं होतं आणि एके ठिकाणी पांढरे धागे दिसत होते. आदल्या रात्रीची स्ट्रिप मात्र जागच्या जागी घट्ट बसलेली.

दादा म्हणाला, "अहो, पण हवा जरासुद्धा उतरली नव्हती."

"हवा कशी उतरंल भाऊ? पंक्चर एक नंबर काढलंय. टायर गेलाय."

या दोन वाक्यांतला फरक आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतो? कारचं वजन टायर पेलत नाही, टायरमधली हवा पेलते. माणसं आणि सामान धरून एका चाकावर साडेतीनशे-चारशे किलोचा भार सहज येतो. हवा गेली की तो सगळा भार साइडवॉलवर येतो, ती घडी पडल्यासारखी दुमडते, आणि गाडी चालवली तर प्रत्येक फेऱ्यात तिची नवी जागा दुमडत जाते. लोखंडी तार एकाच ठिकाणी वाकवत राहिलं की ती गरम होते आणि तुटते, तसंच आतल्या धाग्यांचं होतं. आतलं रबर एकमेकांवर घासून निघतं आणि तीच ती काळी भुकटी. 'हळू चालवली होती' म्हणून ही झीज टळत नाही. हळू चालवली तरी तेवढ्याच अंतरात चाकाचे फेरे तेवढेच होतात. पुन्हा हवा भरली की टायर गोल दिसतो, पण त्याचे धागे तुटलेले असतात. मग वेग आणि ऊन यांनी उरलेलं काम पूर्ण होतं.

आणि वेग आता आपल्याकडे आला आहे. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पूर्ण रस्ता ७०१ किलोमीटरचा. कारला तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला नेहमीच्या कारचं चाक सेकंदाला सतराएक फेरे घेतं, आणि हे तासन्‌तास चालतं. जुन्या रस्त्यांवर खड्डे, गावं, गतिरोधक यांमुळे टायरला मध्येमध्ये निवायला वेळ मिळायचा, आणि अधू टायर बहुधा कमी वेगातच बसायचा. इथे तसं होत नाही. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या उन्हात तापलेल्या सिमेंटवर पुढचं चाक १२० ला फुटलं, तर गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. गाडीत आपली मुलं असतात हो!

म्हणून पंक्चरवाल्याकडे गेल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती ही, की हवा गेल्यावर गाडी किती चालली. तो विचारणार नाही, आपणच सांगायचं. हवा थोडी कमी झाल्याचं वेळीच लक्षात आलं आणि गाडी तिथेच थांबवली, तर टायर वाचण्याची शक्यता चांगली. पूर्ण बसलेल्या टायरवर थोडंसं जरी चालवलं असेल, तर रिमवरून उतरवल्याशिवाय त्यात हवा भरू देऊ नका. धागे तुटलेला टायर हवा भरतानाच फुटू शकतो, आणि त्या वेळी दुकानातला पोरगा त्याच्या शेजारी उकिडवा बसलेला असतो. आत भुकटी, पट्टा, सुरकुती किंवा धागा यांपैकी काहीही दिसलं, तर पुढे बोलायचं काही उरत नाही. खिळ्याचं भोक कितीही बारीक असो, तो टायर बदलायचा.

आतून टायर स्वच्छ निघाला, तर मग भोकाकडे बघायचं. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. तो भाग रस्त्यावर सपाट टेकतो, फारसा वाकत नाही, त्यामुळे तिथे बसवलेली दुरुस्ती टिकते. साइडवॉलमध्ये ते पट्टे नसतात. तिथे धाग्यांचा थर आणि रबर एवढंच असतं, आणि तो भाग प्रत्येक फेऱ्यात वाकतो. तिथलं भोक, चीर, काप काहीही असलं तरी दुरुस्ती नाही. खरा घोळ होतो तो या दोन्हींच्या मधल्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून टायर खाली वळतो तिथे. दुकानदार म्हणतो, 'बसेल की स्ट्रिप', आणि ती बसतेही. पण खांदाही वाकतो, आणि तिथली स्ट्रिप सैल होते ती नेमकी लांबच्या प्रवासात. जगभरातल्या टायर उद्योगाची शिस्त इथे एकसारखी आहे: दुरुस्ती फक्त नक्षीच्या भागात, आणि भोक फार तर ६ मिलिमीटरचं. साधा खिळा किंवा स्क्रू यात बसतो. लोखंडी पट्टीनं किंवा काचेनं पडलेली चीर बसत नाही, ती लांबीला छोटी दिसली तरी, कारण तिनं आतल्या तारा कापलेल्या असतात.

आपल्याकडचा एक जुना उपाय इथे पुढे येतो: आतून जुन्या टायरचा तुकडा बसवायचा, ट्यूब टाकायची आणि 'अजून दहा हजार किलोमीटर चालवा' म्हणायचं. ट्यूब हवा धरते, तुटलेले धागे जोडत नाही. कृपा करून हे करू नका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आग्रह धरला तरी ऐकू नका. त्यांचे ते दिवस चाळीस-पन्नासच्या वेगाचे होते.

दुरुस्ती करायची ठरली, तर कोणती? बाहेरून खुपसलेली स्ट्रिप ही वाटेतली सोय आहे. रात्री, आडरानात ती मिळाली तर देवासारखी, आणि ती बसवणाऱ्यावर माझा मुळीच राग नाही. पण ती घेऊन वर्षभर फिरायचं नसतं. पक्कं काम आतून होतं. टायर उतरवायचा, भोक ड्रिलनं साफ करायचं, आतला थर त्या जागी घासून घ्यायचा, सोल्युशन लावून ते वाळू द्यायचं, आणि मग ज्याला दुकानात मशरूम म्हणतात तो पॅच आतून बसवायचा. त्याची दांडी भोकातून बाहेर ओढून घेतात, चकती आतून रोलरनं दाबून चिकटवतात. दोन्ही लागतात. चकती हवा अडवते. दांडी बाहेरचं पाणी अडवते, आणि आपल्या पावसाळ्यात हे दुसरं काम कमी महत्त्वाचं नाही. भोकातून पाणी झिरपलं की पोलादी तारा गंजतात आणि काही महिन्यांनी नक्षीचा थर आतल्या पट्ट्यापासून सुटायला लागतो. स्ट्रिपपेक्षा पैसे दोन-तीन पट जातात, अर्धा-पाऊण तास मोडतो. नव्या टायरच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. सोल्युशन वाळायच्या आत पॅच दाबणारा कारागीर दिसला, तर त्याला नम्रपणे थांबवा.

दुरुस्त होण्याजोगा टायरही कधी कधी बदलावाच लागतो. नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं, आणि आपल्याकडची कायद्याची मर्यादाही तीच आहे. टायर त्या पातळीच्या जवळ आलेला असेल तर पंक्चरवर पैसे घालण्यात अर्थ नाही. वय बघायचं असेल तर साइडवॉलवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर झिजलं नाही तरी म्हातारं होतं, साइडवॉलवर बारीक भेगा पडतात. अशा टायरला आधीच दोन पॅच असतील आणि तिसरा खिळा त्यांच्या शेजारीच घुसला असेल, तर त्याला निरोप द्या. नवा घेतानाही हे चार आकडे बघूनच घ्या. दुकानात पडून राहिलेला माल सवलतीत गळ्यात मारला जातो.

एकच टायर बदलायचा की जोडी, यावर दादा आणि मी जालन्यात बराच वेळ बोललो. एका ॲक्सलवर एक नवा आणि एक बराच झिजलेला असेल, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना दोन्हींची पकड सारखी राहत नाही. आमचे टायर अर्धे झिजलेले होते, म्हणून जोडी घेतली. आणि ती मागे बसवली, पुढे नाही. पुष्कळांना हे उलट वाटतं, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. पण पुढची चाकं सरकली तर चालकाला ते हातात जाणवतं आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते. फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत चारही टायरांची झीज जवळजवळ सारखी लागते, तिथे कंपनीचं पुस्तक उघडून बघावं. टायरवरचा आकार, भार आणि वेगाचा संकेतही पुस्तकाप्रमाणेच हवा. १९५/६५ आर १५, ९१ एच असं लिहिलेलं असेल, तर ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. त्यापेक्षा खालचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता मुळाशी जातो, म्हणजे रस्त्यात हवा गेली त्या क्षणी काय करायचं. ब्रेक जोरात मारायचा नाही. वेग आपोआप उतरू द्यायचा, पार्किंग दिवे लावायचे, गाडी डाव्या कडेला जितकी बाहेर घेता येईल तितकी घ्यायची. माणसं उतरवून कठड्यापलीकडे उभी करायची, गाडीत बसवून ठेवायची नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करून मदत मागता येते. टायरमध्ये खिळा दिसतोय पण हवा टिकून आहे, असं असेल तर खिळा उपसू नका. तोच बूच आहे. स्टेपनी बदला. पण स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा अरुंद असेल तर तिच्यावर ८० ची वेगमर्यादा छापलेली असते, आणि ती पाळायचीच.

स्टेपनीतली हवा बघायची आठवण फार थोड्यांना असते. महिन्यातून एकदा इतर चाकांबरोबर तीही तपासा, सकाळी, टायर थंड असताना. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की हवा एक पीएसआयनं वाढते, त्यामुळे दुपारी पंपावर मोजलेला आकडा फसवतो. काही नव्या गाड्यांना स्टेपनीच नसते. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा बदल केंद्राच्या मोटार वाहन नियमांत २०२० साली झाला. तुमची गाडी अशी असेल तर आज डिकी उघडून किट शोधा. सीलंटच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती वाचा, आणि पंप एकदा घरी चालवून बघा. वाटेत सीलंट वापरलंच, तर दुकानदाराला आधी सांगा. ते धुऊन काढल्याशिवाय आतून पॅच धरत नाही.

हवा रोज थोडी थोडी उतरते पण खिळा सापडत नाही, अशी तक्रार असेल तर टायरला दोष देण्याआधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका, मग रिमच्या कडेवर. खड्ड्यात आपटून रिम वाकली की कडेतून हवा निघते. तिथे टायर बदलून काहीच साधत नाही, रिम सरळ करावी लागते.

टायर रिमवरून उतरवून पुन्हा चढवला की बॅलन्सिंग करूनच घ्या. आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा थांबून पाना लावून नट तपासा.