उन्हाची अतिनील किरणे मोजूया : यूव्ही मीटर कसा वापरावा, कसा सांभाळावा



डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून क्रीडा स्पर्धांचा सराव सुरू होतो. हवा थंड असते, वारा सुटलेला असतो. आपण म्हणतो, "थंडीचं ऊन आहे, बसू दे मुलांना." पण ऊन अंगाला किती गरम लागतं आणि त्यात अतिनील किरणे किती आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थर्मामीटरने कळते. दुसरी डोळ्यांना दिसत नाही आणि त्वचेला लगेच जाणवतही नाही. त्यासाठी यूव्ही मीटर लागतो. हातात मावणारं हे छोटं उपकरण पाचवी ते आठवीच्या वर्गात फार उपयोगी पडतं. आज ते कसं वापरायचं ते पाहू.

आधी थोडी ओळख

१८०१ साली जर्मनीत योहान विल्हेल्म रिटर या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट चांदीच्या क्षारावर पाडला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं, पण तिथला क्षार सर्वांत लवकर काळा पडला. त्या न दिसणाऱ्या किरणांनाच आपण अतिनील किरणे म्हणतो. त्यांचे तीन गट आहेत :

- यूव्ही-ए : ३१५ ते ४०० नॅनोमीटर. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यांचाच भाग सर्वांत मोठा असतो.
- यूव्ही-बी : २८० ते ३१५ नॅनोमीटर. बरीचशी ओझोन थरात अडतात, थोडी खाली येतात. त्वचा भाजते ती मुख्यतः यांनी आणि त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होतं तेही यांच्यामुळेच.
- यूव्ही-सी : १०० ते २८० नॅनोमीटर. सूर्याची ही किरणे वातावरणातच अडतात. निर्जंतुकीकरणाच्या दिव्यात मात्र हीच वापरतात.

कोणता मीटर कशासाठी?

घोटाळा इथेच होतो. सगळे यूव्ही मीटर एकसारखे नसतात. निर्जंतुकीकरणाच्या दिव्यासाठी बनवलेला मीटर सुमारे २५४ नॅनोमीटरला मोजतो. तो उन्हात धरला तर येणारा आकडा निरुपयोगी असतो. काही मीटर फक्त यूव्ही-ए मोजतात आणि उत्तर दर चौरस सेंटिमीटरला किती मायक्रोवॅट असं देतात. तो आकडा भागून-गुणून यूव्ही निर्देशांक काढता येत नाही. शाळेसाठी थेट 'यूव्ही निर्देशांक' दाखवणारा मीटर सोयीचा.

निर्देशांकाचे टप्पे मुलांकडून तक्त्यावर लिहून घ्या : ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ ते ७ जास्त, ८ ते १० खूप जास्त, ११ व पुढे अतितीव्र. ३ पासून पुढे सावली, टोपी यांची काळजी घ्यायला सुरुवात करायची.

मोजणी कशी करायची?

१. सेन्सरवर टोपण ठेवूनच मीटर सुरू करा. आकडा शून्य यायला हवा.
२. टोपण काढून मीटर आडवा धरा, सेन्सर आकाशाकडे. निर्देशांक आडव्या पृष्ठभागासाठीच ठरवलेला आहे, त्यामुळे मीटर सूर्याकडे तिरका करायचा नाही.
३. हात लांब करा. आपली किंवा मित्राची सावली सेन्सरवर पडू देऊ नका.
४. आकडा स्थिर झाला की नोंदवा. तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. गणिताचा सरावही आपोआप होतो!
५. सोबत वेळ, जागा आणि आकाश (स्वच्छ, थोडे ढग, भरून आलेलं) लिहा. या नोंदींशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दर वेळी सांगायचं. मुलं विसरतात.

मुलांना करून पाहायला द्या

*दिवसाचा आलेख :* सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दर तासाला मोजून आलेख काढा. शिखर बाराला येईल असं मुलांना वाटतं. पण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला. त्यामुळे आपल्याकडे सूर्य साधारण सव्वाबारा ते पाऊणच्या दरम्यान डोक्यावर येतो. भूगोलाचा धडा आलेखातच सापडतो.

*सावलीची जोडणी :* मोजताना आपल्या सावलीची लांबीही मोजा. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर अतिनील किरणे तीव्र आहेत असं समजायचं. पुण्यात २१ डिसेंबरलासुद्धा दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. म्हणूनच थंडीतल्या दुपारचं ऊन निरुपद्रवी नाही.

*झाडाखाली आणि व्हरांड्यात :* झाडाखाली आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही. अतिनील किरणे हवेत विखुरतात आणि आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येतात. व्हरांड्यात आत सरकत जा, आकडा कसा उतरतो ते पाहा.

*खिडकीची काच :* बंद काचेच्या आत निर्देशांक जवळजवळ शून्यावर येतो, कारण साधी काच यूव्ही-बी अडवते. पालकहो, बाळाला 'ड' जीवनसत्त्वासाठी बंद खिडकीतल्या उन्हात ठेवून उपयोग होत नाही, तो यामुळेच. मात्र यूव्ही-ए किरणे त्या काचेतून बऱ्याच प्रमाणात आत येतात आणि निर्देशांकाच्या मीटरवर ती फारशी दिसत नाहीत.

हीच गोष्ट जत्रेतल्या गॉगलची. निर्देशांकाच्या मीटरवर गॉगल धरला, आकडा खाली आला, म्हणून तो चांगला असं ठरवू नका. यूव्ही-ए मोजणारा मीटर मिळाला तर त्यावर पाहा. समजा उघड्यावर आकडा ८०० आणि काचेखाली २०० आला, तर २५ टक्के किरणे आत येत आहेत. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. अशा वेळी गॉगल अतिनील किरणे अडवत नसेल तर डोळ्याला फायद्यापेक्षा तोटाच होतो.

मीटरची देखभाल

मीटर बिघडला की बहुतेक वेळा तो बंद पडत नाही, हळूहळू कमी आकडा दाखवू लागतो. बंद मीटर आपण बाजूला ठेवतो. कमी दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवून मुलांना उन्हात बसवतो. म्हणून हे पाळा :

- सेन्सरच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट डागही किरणे अडवतो.
- आधी धूळ फुंकणीने उडवा. मग धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने हलकेच पुसा. डाग असेल तर माहितीपुस्तिकेत सांगितलेलंच द्रव वापरा. तोंडाची वाफ देऊन शर्टाच्या टोकाने पुसणं बंद!
- काम झालं की टोपण लावा. मीटर दिवसभर उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. उष्णतेने आणि सततच्या किरणांनी सेन्सर व त्यावरचा फिल्टर खराब होतो.
- उन्हाळी सुट्टीला कपाटात ठेवताना सेल काढा. ते फुटून गळले तर मीटर गेलाच.
- पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.
- वर्षातून एकदा उत्पादकाकडून किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अंशशोधन म्हणजे कॅलिब्रेशन करून घ्या. मधल्या काळात शेजारच्या शाळेचा मीटर शेजारी ठेवून एकाच वेळी मोजा. दोन्हींत मोठा फरक आला तर दोन्ही तपासायला हवेत.

एक सक्त सूचना : पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला किंवा निर्जंतुकीकरणाच्या पेटीतला यूव्ही-सी दिवा मोजून दाखवायला उघडू नका. काही क्षणांतही डोळ्यांना इजा होऊ शकते आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, तोवर कळतही नाही.

आकड्यांचं करायचं काय?

नोंदवही भरून कपाटात ठेवायची नाही. आठवड्याचा आलेख कार्यालयात लावा आणि त्यावरून सरावाची वेळ ठरवा. सकाळी लवकर किंवा चारनंतर घेता येईल का, परिपाठ कोणत्या बाजूला घ्यायचा, पालकांना शाळेत बोलावताना मांडव कुठे घालायचा, हे मुलांच्या आकड्यांवरून ठरू द्या. गणवेशाच्या टोपीला कड नसेल तर डोळ्यांवर सावली पडत नाही. तिथे कडा असलेली टोपी, छत्री किंवा ओढणी चालवून घ्या.

आणि तुमच्या वर्गात अल्बिनिझम असलेलं, म्हणजे त्वचेत व डोळ्यांत रंगद्रव्य कमी असलेलं मूल असेल, तर हा मीटर त्याच्यासाठी खेळणं नाही. मैदानावर सर्वांसोबत कधी खेळता येईल हे त्याला सांगणारं ते साधन आहे. "तू आतच बस" म्हणण्याआधी एकदा मोजून पाहा. सकाळी निर्देशांक २ च्या आत असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी आणि डॉक्टरांचा सल्ला यांच्या आधाराने त्या मुलाचाही खेळाचा तास होऊ शकतो.