बर्फाच्या पेटीतील रक्त

प्रतिकारक पेशींचा अभ्यास प्रयोगशाळेत सुरू होतो असा समज असला, तरी वस्तुतः तो दंडातून रक्त घेतल्याच्या क्षणीच सुरू होतो, आणि गावाहून शहरात नमुना नेताना हे विसरले गेले तर पुढची सारी काटेकोर मेहनत व्यर्थ ठरते. पाटस येथील निरोगी प्रौढांच्या रक्तातून सीडी४ सहायक टी-पेशी, म्हणजे इतर प्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या लसीका पेशी, वेगळ्या करताना प्रस्तुत लेखिकेला जो मनस्ताप झाला, त्याचे मूळ याच विस्मरणात आहे.

नॉर्वेचे आर्ने बॉयम यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीनुसार, हेपरिन हे गोठणरोधक घातलेले रक्त तेवढ्याच क्षारद्रावणाने पातळ करून, दर मिलिलिटरला १.०७७ ग्रॅम घनता असलेल्या फायकॉल द्रावणावर अलगद सोडतात आणि अपकेंद्री यंत्रात ४०० जी बलाने सुमारे ३० मिनिटे फिरवतात. तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिलसारख्या कणयुक्त पांढऱ्या पेशी जड असल्याने तळाशी बसतात, तर लसीका पेशी व मोनोसाइट फायकॉलच्या वर पांढुरक्या कड्याच्या रूपात जमतात.

पाटसहून आलेल्या रक्ताची नळी यंत्रातून बाहेर काढली तेव्हा मात्र हे कडेच नव्हते. त्याच्या जागी धड वर नाही, धड खाली नाही असा गुलाबी, गढूळ पट्टा होता. लेश्मन रंग दिलेल्या काचपट्टीवर लसीका पेशींच्या बरोबरीने खंडित केंद्रकाच्या न्यूट्रोफिल पेशी पसरलेल्या दिसल्या, आणि मग नमुन्यांची पेटी उघडून पाहिल्यावर नळ्या थेट बर्फाला टेकवून आणल्याचे उघड झाले. गारठ्याने आणि विलंबाने न्यूट्रोफिल उद्दीपित होतात, त्यांची घनता घटते आणि त्या लसीका पेशींच्या थरात मिसळतात. शिवाय थंडीत तांबड्या पेशींचे पुंजके नीट बनत नसल्याने त्याही पुरत्या खाली बसत नाहीत.

नमुने वाहून नेणाऱ्यांचे उत्तर एवढेच होते की, लशी अशाच नेल्या जातात आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. लस २ ते ८ अंशांत ठेवतात हे खरेच आहे, परंतु लस आणि जिवंत पेशी यांत भेद असतो, हे रक्त घेण्यापूर्वी लेखी कळवूनही दुर्लक्षिले गेले आणि अहवालात मात्र 'हाताळणीतील दोष' असे लिहून सारा ठपका प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. पुढच्या खेपेस त्याच व्यक्तींचे रक्त बर्फाविना आणले गेले, तेव्हा तेच द्रावण, तेच यंत्र आणि तेच हात असूनही स्वच्छ कडे मिळाले. दोष कोठे होता याचा याहून वेगळा पुरावा आवश्यक नाही.

यावरून पुढील अभ्यासकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जिवंत पेशींसाठीचे रक्त १८ ते २५ अंशांत ठेवावे. पाटसच्या उन्हाळ्यात त्यासाठी साध्या पाण्याच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत भोवती लावाव्यात आणि गाडी उन्हात उभी करू देऊ नये. रक्तजलाच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या नळ्यांना गारवा चालतो, म्हणून त्यांची पेटी वेगळी असावी, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. पाटस ते पुणे हे अंतर साठेक किलोमीटरच असले तरी वाटेतल्या हडपसरच्या वाहतूक कोंडीत वेळ जातो. म्हणून प्रत्येक नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिहावी आणि शक्यतो आठ तासांच्या आत काम सुरू करावे. फायकॉल खोलीच्या तापमानाला आणल्याशिवाय वापरू नये, आणि यंत्राचा ब्रेक बंद ठेवावा, अन्यथा थांबतानाच्या हिसक्याने थर ढवळला जातो. नको असलेल्या पेशींना चुंबकीय कण चिकटवून टी-पेशी अस्पर्शित ठेवण्याची पुढची पायरी थर स्वच्छ असल्याखेरीज हाती घेऊ नये. नोंदी नेटक्या ठेवाव्यात, घाई टाळावी, हे तर आलेच.

कालव्याच्या पाण्याची पाळी सोडून आलेल्या माणसांना एकाच कामासाठी दुसऱ्यांदा दंड पुढे करावा लागला, याची भरपाई कोणत्याही अहवालाने होत नाही.