भात काढला, मग गोळीचं काय?

गोव्यात मधुमेहाचं बोलणं आता लग्नाच्या पंगतीतही निघतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत आमच्या राज्याचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यांत जास्त. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कुणी ना कुणी भात सोडलाय, नाहीतर सोडायच्या बेतात आहे. अशांसाठी मी खिम्याची शागुती आणि दुधीच्या शेवया करते. पदार्थ झकास होतो. पण भात ताटात नुसती जागा अडवून बसलेला नसतो.

पेडण्याला माझ्या बहिणीचे यजमान भात आणि पोय (आमचा गोवन पाव) बाजूला सारून हेच जेवण पोटभर जेवले. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी आधीच घेतलेली. दोनेक तासांत सदरा घामाने भिजला, हात कापू लागले, बोलणं असंबद्ध. मटण बाधलं असं धरून बहिणीने मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं. शेजारणीने मशीन आणून बोट टोचलं तेव्हा साखर ५६! मग साखरेचं पाणी पाजलं आणि भावोजी ताळ्यावर आले.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भात आहे की दुधी, हे ती बघत नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच दुधीत तीन-चार. म्हणून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करायच्या आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी असेल तर विचारल्याशिवाय कर्बोदकं तोडूच नका. रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. घाम, थरथर, गोंधळ दिसला की तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता स्वयंपाक. अर्धा किलो खिम्याला अर्ध्या नारळाची सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, तांबूस-काळपट होईतो भाजा. खसखस, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी वेगळी भाजा. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हरमल मिरची तिखट, म्हणून ती बेताने. हे सगळं एकत्र वाटून घ्या. कांदा परतून त्यावर हळद, खिमा, मग वाटप, शेवटी किसलेलं जायफळ. रस्सा आटवून तेल सुटू द्या. शागुतीचं मीठ-तिखट आपण भाताच्या हिशेबाने घालतो. भात नसला की तोच रस्सा जिभेला झोंबतो, म्हणून मीठ निम्म्याने कमी. आणि नारळाने साखर फारशी वाढत नसली तरी चरबी भरपूर असते. वाढताना पळी आवरा.

डिचोलीच्या बाजारात दुधी घेताना कोवळा, नखाने टोचता येईल असा घ्या. घरी आणल्यावर कच्च्या फोडीचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. त्यातली कुकुरबिटासिन्स शिजवूनही जात नाहीत. मला यात काटकसर मान्य नाही.

सोलाण्याने लांब पट्ट्या काढा, बियांचा गाभा सोडा, सुरीने शेवयांएवढ्या चिरा. दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच. रश्श्यात शिजवला तर ताटात तळं. चिमूटभर मीठ लावून थोड्या वेळाने पिळा, तापलेल्या रुंद तव्यावर दोन-तीन मिनिटं परता, झाकण नको. ताटात आधी शेवया, वर रस्सा.

उरलेली शागुती दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. शेवया मात्र ताज्याच काढाव्या. घरातल्या पोरांना शेवया नको असतील तर त्यांच्यासाठी पोय आणून ठेवते, त्यांनी कशाला दुधी खायचा?